आधी रांग ओळखा, मग पैसे काढा: डिजीयात्रा, ई-गेट आणि अमेरिकेची प्रीचेक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सोलापूरचे, टॉवेल-चादरींच्या व्यवसायातले, वय ५८. महिन्यातून एकदा पुण्याहून दिल्लीला जाऊन येतात. मुलगी न्यू जर्सीत, तिच्याकडे ग्रीन कार्ड. दीड-दोन वर्षांतून एकदा नवरा-बायको मुंबईहून तिकडे जातात. बायकोच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. मुलगी म्हणते ग्लोबल एंट्री (अमेरिकेत शिरताना इमिग्रेशन लवकर उरकण्याचं सदस्यत्व) काढा, मित्र म्हणतो डिजीयात्रा (चेहरा दाखवून विमानतळात शिरण्याचं ॲप) घ्या, आणि कुठेतरी वाचलं की अमेरिकेत आता बूट काढावे लागत नाहीत, मग प्रीचेकला (तिथल्या विमानतळांवरच्या सिक्युरिटीच्या वेगळ्या रांगेला) अर्थ काय उरला? तर यातलं काय घ्यावं, आणि कशावर पैसे घालू नयेत?

खरी अडचण अशी की या सगळ्या योजनांना लोक सरसकट 'सिक्युरिटी लवकर होते' असं म्हणतात. विमानतळावर रांगा चार असतात. दारातली ओळखपत्र-तिकीट तपासणी, बॅगा देण्याचा काउंटर, अंगझडती आणि एक्स-रे, आणि परदेशी जायचं असेल तर इमिग्रेशन. प्रत्येक योजना यातली एखाद-दुसरी रांग छोटी करते, बाकीच्यांना हातही लावत नाही. त्यामुळे 'फायदा आहे का' याचं उत्तर तुमचा वेळ कुठल्या रांगेत जातो यावर ठरतं. तुमचे प्रवास दोन तऱ्हेचे आहेत, म्हणून उत्तरंही दोन येतील.

दिल्लीच्या फेरीपासून सुरुवात करू, कारण ती दर महिन्याची आहे.

डिजीयात्रा डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला सुरू झाली. पुण्यात ती २०२३ मध्ये आली. फुकट आहे, ऐच्छिक आहे, आणि फक्त देशांतर्गत प्रवासासाठी आहे. आधारवरून ओळख पटवायची, सेल्फी द्यायची आणि प्रत्येक प्रवासाआधी बोर्डिंग पास ॲपमध्ये टाकायचा. मग टर्मिनलच्या दारात आणि सिक्युरिटीत शिरतानाच्या फाटकावर चेहरा दाखवला की झडप उघडते. पण त्या झडपेच्या पुढे सीआयएसएफचा जवान, ट्रे आणि मेटल डिटेक्टर सगळ्यांना सारखेच. डिजीयात्रावाल्याची अंगझडती कमी होत नाही, लॅपटॉप बॅगेतच राहत नाही. ती दाराची रांग वाचवते, झडतीची वाचवत नाही. लोकांची निराशा होते ती इथेच.

तरी पुणे-दिल्लीसाठी ती घ्याच. लोहगावला सकाळी विमानांची गर्दी एकदम होते तेव्हा दारातली रांग बाहेर फुटपाथपर्यंत येते, आणि दिल्लीहून परतताना संध्याकाळीही तोच प्रकार असतो. पैसे लागत नाहीत, नोंदणी दहा मिनिटांत होते.

ती फसते कुठे, ते मात्र नीट समजून घ्या. सर्वांत मोठं कारण नाव. बोर्डिंग पासच्या बारकोडमध्ये नावासाठी २० जागा असतात, त्यापुढचं कापलं जातं. आपल्याकडची नावं लांब. समजा बिराजदार आडनाव आणि सिद्धेश्वर मल्लिकार्जुन नाव. इंग्रजी स्पेलिंगात आडनावाची ८ अक्षरं, मधली तिरकी रेघ १, सिद्धेश्वरची ११; विसाव्या जागेवर नाव संपलं आणि वडिलांचं नाव पूर्ण गळालं. आधारवर तिन्ही नावं, पासवर दोन. अशी काटछाट बऱ्याचदा चालून जाते, पण तिकीट काढतानाच नाव-आडनावाची उलटापालट झाली असेल, आधारवर स्पेलिंग वेगळं असेल किंवा आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव गेलं असेल, तर ॲप पास घेत नाही. उपाय एकच: आधार, पॅन, पासपोर्ट, तिन्हींवरचं इंग्रजी स्पेलिंग एकदा शेजारी ठेवून बघा आणि तिकीट त्याच स्पेलिंगाने, त्याच क्रमाने काढा. हे काम पुढे अमेरिकेच्या भागातही उपयोगी पडणार आहे.

दुसरं कारण पासाची अदलाबदल. विमानाची वेळ बदलली किंवा काउंटरवर सीट बदलून नवा पास दिला की ॲपमधला जुना पास निरुपयोगी होतो. नवा टाकावा लागतो. एका बुकिंगमध्ये दोघं असाल तर दोन्ही पास एकाच पीडीएफमध्ये येतात. ते वेगळे करून ज्याचा पास त्याच्या फोनमध्ये टाकायचा. आणि हे घरी, वायफायवर, निघायच्या आधी करायचं. विमानतळाच्या दारात उभं राहून करणारे लोक शेजारच्या साध्या रांगेपेक्षा जास्त वेळ घालवतात, हे दृश्य रोजचं आहे.

खाजगीपणाचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं. माहिती फोनवर राहते, प्रवासापुरती विमानतळाकडे जाते आणि विमान सुटल्यावर २४ तासांत तिथून पुसली जाते, असा नियम आहे. चालवणारी संस्था डिजीयात्रा फाउंडेशन आहे. त्यात विमानतळ प्राधिकरण आणि खाजगी विमानतळ कंपन्या भागीदार आहेत. ज्यांना चेहरा द्यायचा नाही त्यांनी खुशाल साध्या दाराने जावं. कुणी कर्मचाऱ्याने बळजबरीने नोंदणी करायला लावली तर नाही म्हणता येतं.

होटगी रोडच्या आपल्या विमानतळाबद्दल एवढंच: ज्या दिवशी सोलापुरातून विमानाची वेळ जुळते त्या दिवशी हा सगळा विचार सोडून द्या. पासष्ट-सत्तर माणसांच्या विमानाची रांग ती केवढी असणार.

आता झडतीची रांग, जी भारतात कुठलीच योजना वाचवत नाही. ती तुमच्या हातात आहे, आणि नेहमी फिरणारा माणूस खरा वेळ इथेच वाचवतो. ट्रेपाशी पोहोचण्याआधी, रांगेत असतानाच, खिसे रिकामे करून सगळं जॅकेटच्या किंवा बॅगेच्या एका चेनच्या कप्प्यात टाका: किल्ल्या, सुटे पैसे, पाकीट, फोन. लॅपटॉप, चार्जर आणि पॉवर बँक बॅगेच्या तळाशी नकोत, वरच्या कप्प्यात हवीत, कारण ती वेगळ्या ट्रेमध्ये काढावी लागतात. एक्स-रेवर वायरींचा गुंता दिसला की बॅग बाजूला काढतात आणि पंधरा मिनिटं गेलीच. छत्री, टॉर्च, दाढीचं यंत्र, टॉवेलच्या नमुन्यांच्या घट्ट गठ्ठ्यात ठेवलेली मोजपट्टी, या वस्तूंनी बॅग सर्वाधिक अडते. नमुन्यांसोबत कात्री असेल तर ती चेक-इनच्या बॅगेतच. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॅट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॅट-अवरची भरते, म्हणजे आत बसते. पण तिच्यावरचा छापील आकडा खोडला गेला असेल तर जवान ती ठेवून घेऊ शकतो. पट्ट्याचं बक्कल मोठं असेल तर प्रवासाच्या दिवशी दुसरा पट्टा लावा. एवढं केलं की झडतीत तुमच्यामुळे कुणी थांबत नाही. पुढच्या माणसामुळे तुम्ही थांबाल, त्याला इलाज नाही.

गुडघ्यात धातू असल्याने ताईंच्या, म्हणजे तुमच्या पत्नींच्या, बाबतीत डिटेक्टर वाजणारच. शस्त्रक्रियेचा कागद जवळ असू द्या, पण त्याने तपासणी टळत नाही. फक्त संभाषण लहान होतं. मेटल डिटेक्टरच्या चौकटीत शिरण्याआधीच महिला जवानाला उजवा की डावा गुडघा ते सांगायचं. वाजल्यावर सांगितलं तर पुन्हा मागे जाऊन यावं लागतं. चालायला त्रास होत असेल तर तिकिटावरच व्हीलचेअर मागून ठेवा. ती फुकट असते, आणि खरं सांगायचं तर मुंबईच्या टर्मिनल २ वर कुठल्याही योजनेपेक्षा ती जास्त वेळ वाचवते. गरज नसताना मात्र मागू नका. खरोखर गरज असलेल्या माणसाला मग ताटकळत बसावं लागतं.

आता अमेरिकेचा प्रवास. याचे भारतातला भाग आणि तिकडचा भाग असे दोन तुकडे करू.

भारतातल्या भागासाठी आपल्या गृह मंत्रालयाची 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – विश्वासार्ह प्रवासी' योजना आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली, जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, कोलकाता, कोची, अहमदाबादला आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी पाच विमानतळ जोडले गेले. पुणे त्या यादीत नाही. तुम्हाला मुंबई आणि हैदराबाद दोन्ही उपयोगाची; सोलापूरहून हैदराबाद तसं पुण्याच्या फार पुढे नाही. फी नाही. मुदत ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. अर्ज करताना पासपोर्ट किमान ६ महिने शिल्लक हवा.

मी ही दोघांनाही घ्यायला सांगेन, आणि यात 'परिस्थितीवर अवलंबून' वगैरे फारसं काही नाही. रात्री एक ते चारच्या दरम्यान मुंबईहून पश्चिमेकडची विमानं एकापाठोपाठ सुटतात, तेव्हा इमिग्रेशनच्या काउंटरवर तासभर उभं राहणं सोपं नाही, गुडघा दुखत असताना तर नाहीच. या योजनेच्या ई-गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन होतो, चेहरा-बोटं जुळली की दार उघडतं. परत येतानाही तसंच, आणि परतीच्या वेळी थकवा जास्त असतो.

अर्ज ऑनलाइन. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, फोटो आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा. बहुतेक अर्ज अडतात ते अपलोडमुळेच: पान वाकडं, कोपरा कापलेला, प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकलेली. दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून स्कॅन करा. पत्ता पासपोर्टवर जुन्या घराचा आणि पुरावा नव्या घराचा, असंही चालत नाही. मंजुरीचा मेसेज आला की ठरवलेल्या विमानतळावर किंवा एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी) कार्यालयात बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायला जावं लागतं. सोलापूरहून खास त्यासाठी मुंबईला जाणं परवडत नाही, म्हणून प्रवासाच्या किमान दोन महिने आधी अर्ज करा आणि बायोमेट्रिकची वेळ त्याच मुंबईच्या फेरीला जोडून घ्या. मंजुरी हातात नसताना 'तिथेच करून टाकू' म्हणत जाऊ नका. दोघांचे अर्ज स्वतंत्र, ठसेही स्वतंत्र. एकट्या तुमचाच झाला तर तुम्ही ई-गेटच्या पलीकडे उभे राहून ताईंची वाट बघणार, म्हणजे वाचलं काय? हातमागावर किंवा धुलाईत आयुष्य गेलेल्या माणसांचे ठसे झिजलेले असतात. तसं असेल तर देण्याआधी दोन-तीन दिवस हाताला खोबरेल लावा आणि त्या दिवशी हात कोरडे, स्वच्छ ठेवा.

एक बारीक गोष्ट. ई-गेटमधून गेलं की पासपोर्टवर शिक्का बसत नाही. तुम्हा दोघांना फरक पडत नाही, पण मुलगी भारतीय पासपोर्टवर ही योजना वापरणार असेल तर भारतात किती दिवस राहिली याचा हिशोब आयकरासाठी लागू शकतो. तिने बोर्डिंग पास जपून ठेवावेत.

आता तिकडचा भाग, आणि तुमचा मुख्य प्रश्न.

बुटांचं खरं आहे. ८ जुलै २०२५ पासून अमेरिकेच्या विमानतळांवर साध्या रांगेतही बूट काढावे लागत नाहीत. त्यामुळे प्रीचेकचं जे सर्वांत दिसणारं आकर्षण होतं ते गेलं. उरलं ते असं: लॅपटॉप आणि द्रवपदार्थांची पिशवी बॅगेतच राहते, पट्टा आणि हलकं जॅकेट अंगावर राहतं, पूर्ण अंगाच्या स्कॅनरऐवजी बहुधा साधा मेटल डिटेक्टर, आणि रांग वेगळी. माझ्या मते प्रीचेकची किंमत नेहमीच या शेवटच्या दोन शब्दांत होती. बूट काढायला अर्धं मिनिट लागायचं. सोमवारी सकाळी रांगेत पस्तीस मिनिटं जातात ती त्रासाची. म्हणून दर महिन्याला अमेरिकेत विमानाने फिरणाऱ्यासाठी प्रीचेक अजूनही पैसे वसूल करते.

पण तुम्ही ती थेट घेऊच शकत नाही. प्रीचेक फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे. टुरिस्ट व्हिसावरच्या भारतीयासाठी ग्लोबल एंट्री एवढाच मार्ग. तो २०१७ पासून भारतीयांना खुला आहे आणि त्यात प्रीचेक आपोआप मिळते. फी १२० डॉलर, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर, माणशी, ५ वर्षांसाठी, आणि अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. शिवाय आपल्याकडच्या पासपोर्ट सेवेतून पार्श्वभूमी पडताळणी, मग तिकडे मुलाखत.

हिशोब तुम्हीच करून बघा. ५ वर्षांत तुमच्या फेऱ्या तीन, फार तर चार. प्रत्येक फेरीत अमेरिकेत शिरण्याची रांग एकदा आणि परत निघतानाची सिक्युरिटी एकदा. मुंबईहून थेट नेवार्कला जात असाल आणि मुलगी गाडी घेऊन बाहेर उभी असेल, तर मधली देशांतर्गत तपासणी लागतच नाही. दोघांचे वीस हजारांहून जास्त रुपये, पडताळणीची धावपळ, आणि वाचणार ते चार फेऱ्यांत मिळून काही तास. मी नको म्हणेन. तेच पैसे थेट विमानाच्या तिकिटात घाला; एक बदल कमी झाला की एक पूर्ण सिक्युरिटी आणि बॅगा उचलून पुन्हा देणं कमी होतं.

दोन परिस्थितींत माझं मत बदलेल. तुम्ही वर्षातून दोनदा जायला लागलात, किंवा प्रत्येक वेळी शिकागो-डॅलस असं कुठेतरी विमान बदलून पुढे जावं लागत असेल. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा ताब्यात घ्यायच्या, कस्टम्स, बॅगा पुन्हा द्यायच्या आणि नव्याने सिक्युरिटी. जोडणी दोन तासांची असेल तर तिथे ग्लोबल एंट्री विमान वाचवू शकते. अबू धाबीमार्गे गेलात तर आणखी वेगळं: अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि तिकडे तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. त्या मार्गावर अबू धाबीतली जोडणी तीन तासांहून कमी घेऊ नका.

ताईंच्या गुडघ्याचा इथे उलटा परिणाम होतो, तो फारसा कुणी सांगत नाही. प्रीचेकमध्ये साधा मेटल डिटेक्टर असतो, तो इम्प्लांटवर वाजतो आणि मग हाताने झडती. साध्या रांगेतल्या स्कॅनरमध्ये बहुतेक वेळा काम भागतं. प्रीचेकमध्ये असाल तरी आधीच सांगून स्कॅनर मागता येतो, पण तिथे तो सुरू असेलच असं नाही.

मुलीचा मामला वेगळा. तिने ग्लोबल एंट्रीच घ्यावी. नुसती प्रीचेक ८० डॉलरच्या आसपास पडते; चाळीसेक डॉलर जादा देऊन भारतातून परततानाचं इमिग्रेशनही सुटतं. तिकडची बरीच प्रवासी क्रेडिट कार्डं ही फी परत देतात, ते आधी बघावं. तिचं मूल १२ वर्षांचं किंवा लहान असेल तर प्रीचेकच्या रांगेत आईबरोबर जाऊ शकतं, पण ग्लोबल एंट्रीत प्रत्येक मुलाचं सदस्यत्व वेगळं लागतं; आई सदस्य असेल तर त्याची फी नाही. लोक नेमके इथे चुकतात आणि उतरल्यावर कुटुंब दोन रांगांत विभागलं जातं. मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं फुकट ॲपही तिला ग्रीन कार्डावर चालेल. तुम्हाला व्हिसावर नाही, त्यामुळे तिने आग्रहाने तुमच्या फोनमध्ये टाकून दिलं तरी उपयोग नाही. क्लिअर नावाची जी वर्षाला दोनशे डॉलरच्या वर घेणारी सेवा आहे ती फक्त ओळखपत्राच्या टेबलापर्यंत पुढे नेते. ती सोडून द्या.

सदस्यत्व घेऊनही प्रीचेक मिळाली नाही अशी तक्रार आली की आधी एकच गोष्ट तपासायची: बोर्डिंग पासवर प्रीचेकचा शिक्का छापून आला आहे का. सदस्याचा नऊ अंकी क्रमांक तिकिटाच्या बुकिंगमध्ये 'नोन ट्रॅव्हलर' या रकान्यात गेलाच नसेल तर रांगेवरचा माणूस काही करू शकत नाही. एजंटकडून किंवा दुसऱ्या वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटात तो हमखास राहून जातो. आणि पुन्हा नाव: सदस्यत्वावर आई-वडिलांनी ठेवलेलं पूर्ण नाव, तिकिटावर लग्नानंतरचं आडनाव, की जुळणी फसली.

सदस्यत्वाची दुसरी जोखीम बॅगेत असते. ग्लोबल एंट्रीच्या माणसाने खाण्याचा पदार्थ जाहीर केला नाही आणि तो सापडला तर दंडासोबत सदस्यत्वही जातं. मुलीला आवडतो म्हणून रुमालात बांधलेला कढीपत्ता हे त्याचं नेहमीचं कारण. ओली पानं तिकडे चालतच नाहीत. फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याने विचारल्यावर 'खाण्याचं आहे' असं सरळ सांगायचं. सांगितल्याने काढून घेतील फार तर.

आणि शेंगाचटणी. सोलापूरहून अमेरिकेला जाणाऱ्या बॅगेत ती असणारच, म्हणून सांगतो. अमेरिकेच्या विमानांना २०१८ पासून ३५० मिलिलिटरहून जास्त भुकटी हातातल्या बॅगेत असेल तर जादा तपासणी लागते, आणि भारतातून थेट सुटणाऱ्या विमानाच्या गेटवरही ती होते. ३५० मिलिलिटर म्हणजे थंड पेयाच्या एका डब्याएवढी जागा. अर्धा किलो चटणीचं पाकीट त्यात बसत नाही. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी यांनाही तोच नियम. सगळी चेक-इनच्या बॅगेत, दुकानाच्या छापील पाकिटात, वरून एक जाड पिशवी, कारण तेल सुटतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमध्येही ठेवू नका, तेलामुळे पेट घेणारी वस्तू म्हणून त्या काढून टाकतात. कडक भाकरी हातातल्या बॅगेत चालते. फक्त एकावर एक घट्ट रचलेली चळत एक्स-रेवर गडद दिसते, तेव्हा ती वरच ठेवा, म्हणजे उघडून दाखवायला सोपी.

राहिली वेळ. देशांतर्गत विमानाचा बॅगा घेण्याचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, आणि तो बंद झाला की डिजीयात्रा, प्रायॉरिटी, कशाचाच उपयोग नाही. सोलापूरहून गाडीने अडीचशे किलोमीटर येऊन पुण्यात शिरताना लोणी काळभोर ते हडपसर या पट्ट्यात कधी वीस मिनिटं लागतात, कधी सव्वा तास. तुमचा खरा धोका तिथे आहे. म्हणून डिजीयात्रा आली म्हणून घरातून निघायची वेळ पुढे ढकलू नका. दिल्लीला शक्य असेल तेव्हा फक्त हातातल्या बॅगेवर जा, वेब चेक-इन आदल्या दिवशी करा, मग काउंटरचं बंधनच राहत नाही आणि दारातून थेट झडतीला जाता येतं. मुंबईच्या रात्रीच्या विमानासाठी सकाळची वंदे भारत दुपारी पोहोचवते. मधले तास दादरला कुणाकडे तरी काढावे लागतात, पण रस्त्याचा भरवसा नसताना तेच बरं. ई-गेटचे ठसे द्यायचे बाकी असतील तर त्यासाठीचा मोकळा वेळही त्याच दुपारी मिळतो.